तरवडाचं फूल आणि दोन ग्लास पाणी

मी आयुष्यात तीन महिने चित्रकार होते. तेही दुष्काळी सालातल्या उन्हाळ्यात, उघड्या माळावर बसून फुलं रंगवणारी. हे सांगितलं की माझ्या नातसुना हसतात. मीही हसते, फक्त माझं कारण वेगळं असतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली होती. त्या वेळी निदान दुष्काळ पडलाय हे सगळ्यांना मान्य होतं. ऐंशीच्या पुढं जे दुष्काळ आले ते घर बघून येऊ लागले. आमच्या गावाच्या सडकेला सहकारी दूध संघाचं आवार होतं आणि त्या आवारात हिरवळ होती. हिरवळ म्हणजे जनावरांनी खायचं नसतं असं गवत. त्या गवताला रोज दिवस कलताना बोअरचं पाणी सोडायचे. पायपानं सोडायचे आणि सडकेवरून जाणाऱ्या आमच्या घागरींना ते दिसायचं.

आमची वस्ती ओढ्यापलीकडं. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, धर्म बदलला, पण पाण्याची वाट तीच राहिली. गावच्या विहिरीवर आता कुणी अडवत नव्हतं. अडवायची गरजही नव्हती, कारण फाल्गुन सरला की विहीरच कोरडी पडायची. गावातल्या बऱ्याच घरांत तोवर नळ आले होते. आम्हाला ओढ्यातला झिरा. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा उकरायचा, त्यात पाणी झिरपायची वाट बघत बसायचं आणि वाटीनं घागर भरायची. सकाळी बसलेली बाई ऊन डोक्यावर येईपर्यंत दोन घागरी घेऊन उठली तर नशीब. वर तळ लवकर ढवळायचा, त्यामुळं पाणी चहाच्या रंगाचं यायचं. वस्तीला हापसा हवा होता. एवढीच आमची मागणी होती आणि ती इतकी जुनी झाली होती की मागताना आमच्याच आवाजात जोर राहिला नव्हता.

अशात एक दिवस संघाच्या अध्यक्षांच्या पत्नी जीपमधून ओढ्यापर्यंत आल्या. आम्ही त्यांना बाईसाहेब म्हणायचो. पुण्यात कुठलंसं चित्रांचं प्रदर्शन बघून आल्या होत्या आणि आल्यापासून त्यांना आमच्या गावातल्या बायकांत कला दिसू लागली होती. महिला मंडळ त्यांचंच होतं. शिबिर घ्यायचं तर कागदावर सगळ्या समाजाच्या बायका दाखवाव्या लागतात, हे त्यांनी सांगितलं नाही, पण जीप ओढ्यापर्यंत आली तेव्हाच ते आम्हाला कळलं.

"तुमच्यातल्या एकदोघी पाठवा गं," त्या म्हणाल्या. "फुलांची चित्रं काढायला शिकवणार आहोत. बंद खोलीत नाही, मोकळ्यावर. निसर्गात बसायचं."

माझी थोरली जाऊ झिऱ्यावर वाटी घेऊन बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मोकळ्यावर तर आमी रोजच बसतो, बाईसाहेब."

ड्रायव्हरला जोराचा ठसका लागला. बाईसाहेबांना काही कळलं नाही, किंवा कळून त्यांनी गिळलं.

"चहा मिळेल, बिस्किटं मिळतील."

"हापसा मिळंल का?" जावेनं विचारलं.

"त्याचंच तर सांगते. शेवटच्या दिवशी पंचायत समितीचे मोठे साहेब येणारेत. तुम्ही रोज आलात, रजिस्टरवर सही केलीत, तर तुमच्या हापशाचं मी स्वतः त्यांच्या कानावर घालीन. पण एक सांगते. साहेबांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मी बोलीन."

जीप गेल्यावर वस्तीत बैठक झाली. मी चौथी पास, सही करता येते, डोळे चांगले, म्हणून मला पाठवायचं ठरलं. खरं कारण जावेनं सांगितलं, "तिला धाडा. तिचं तोंड चालतं." म्हणजे मला पाठवलं तोंडासाठी, आणि तिथली अट होती तोंड मिटून बसायची.

शिकवायला जिल्ह्याच्या गावाहून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर एसटीनं यायचे. पांढरा सदरा, खांद्याला शबनम पिशवी, आणि बोलणं असं की साधं 'बसा' म्हणायचं असलं तरी आधी निसर्गाला नमस्कार. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दहाबारा बायकांना हिरवळीवर बसवलं आणि म्हणाले, "आपण जलरंग शिकणार आहोत. जलरंग म्हणजे पाण्याचे रंग. पाणी हाच यातला खरा कलाकार, आपण फक्त निमित्त."

ते मी घरी येऊन सांगितलं तेव्हा जाऊ म्हणाली, "पाण्याचा रंग व्हय? मग विकत कशाला घ्यायचा? आपल्या पाण्याला हायच की."

सगळी वस्ती हसली. या बोलण्याचा पुढं मला उपयोग होणार होता, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी आम्हाला माळावर नेलं. बागेतली फुलं माणसानं वाढवलेली असतात म्हणे, खरं सौंदर्य रानफुलात. चैत्रातल्या दुष्काळी माळावर रानफूल शोधायचं म्हणजे उपासाच्या घरात लाडू शोधण्यासारखं. पण तरवड होता. तरवडाला पाऊस लागत नाही, माणूस लागत नाही, शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. सगळा माळ राख झालेला आणि त्यात हा पिवळाधमक उभा. आम्ही जळणाला जाताना जन्मभर त्याच्या अंगाला घासून गेलो होतो. त्याला फुलं येतात हे माहीत होतं, पण 'फुलं' म्हणून कधी उभं राहून बघितलं नव्हतं.

बाईसाहेबांसाठी खुर्ची आणि भली मोठी छत्री जीपमधून आली. आम्ही पोत्यावर बसलो. मास्तरांनी रीत सांगितली. प्रत्येकीनं घरून दोन भांडी पाणी आणायचं. एका भांड्यात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात स्वच्छ पाणी ठेवायचं आणि रंग फक्त त्यानंच पातळ करायचा. दोन्ही भांडी काचेची हवीत, म्हणजे पाणी मळलं की दिसतं. "दोन्हींचा गोंधळ झाला की चित्र मेलं," मास्तर म्हणाले.

माझ्याकडं लग्नात आहेर आलेले दोन काचेचे ग्लास होते. ते मी झिऱ्याच्या पाण्यानं भरून, फडक्यानं तोंड बांधून नेऊ लागले. पहिल्याच दिवशी जावेनं अडवलं.

"अगं, दोन गलास पानी फुलाला? झाडाच्या फुलाला कुणी घालत न्हाय आन् तू कागदाच्याला घालतीस?"

"हापशासाठी घालतीया," मी म्हटलं.

"मग घाल. पर उरलं तर माघारी आन."

उरलेलं मी माघारी आणायचे. ब्रश धुतलेलं कोंबड्यांना, दुसरं घरात.

मास्तर सांगायचे, "आधी कागदावर पाण्याचा हात फिरवा. कागद ओला आहे तोवर रंग सोडा. रंग आपोआप पसरतो, पाकळी आपोआप फुलते." ते हे बहुधा कोकणात शिकले असावेत. आमच्याकडं पाण्याचा हात कागदाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक कडक वाळलेलं असायचं. मास्तरांचीच पाकळी एकदा अर्ध्यात अडकली. ते म्हणाले, "हा एक सुंदर अपघात आहे." आम्ही माना डोलावल्या. पुढं आमच्यातल्या कुणाकडून काही बिघडलं की आम्ही पण सुंदर अपघात म्हणू लागलो. तेव्हा मात्र मास्तरांना ती चूक वाटायची.

एक गोष्ट कबूल करते. मला ते आवडू लागलं. तरवडाच्या पाच पाकळ्या असतात आणि पाचही सारख्या नसतात. एकीच्या अंगावर तपकिरी शिरा जास्त असतात, एक जरा आकसून असते. मधले केसर वाकडे, विळ्यासारखे. चाळीस वर्षं जे झाड बघितलं त्याच्या पाकळ्या मला कुणी विचारल्या असत्या तर चार सांगितल्या असत्या. हे मास्तरांमुळं कळलं, ते त्यांचं देणं मी नाकारत नाही.

पण माझा पिवळा काही पिवळा होईना. डबीत पिवळा असायचा, ब्रशवर पिवळा असायचा, कागदावर गेला की शेणानं सारवल्यासारखा दिसायचा. मास्तर मागं येऊन उभे राहायचे.

"ताई, पुन्हा चुकलात. धुतलेल्या पाण्यात रंग कालवलात."

"न्हाय मास्तर. ह्या गलासात ब्रश बुडवलाच न्हाय म्या."

"अहो, दिसतंय ना. दोन्ही पाणी सारखंच मळलेलं आहे. म्हणून तर काच हवी म्हटलं."

"ते तसंच असतंय."

"तसंच कसं असेल? एकाग्रता हवी, ताई, एकाग्रता."

छत्रीखालून बाईसाहेब म्हणाल्या, "मास्तर, त्यांना एकच भांडं द्या. दोनाचा हिशेब त्यांना नाही जमायचा."

बायका हसल्या. गावातल्या होत्या, ओळखीच्या होत्या, आणि तरी हसल्या. माझ्या जिभेच्या टोकावर असं एक वाक्य आलं होतं की छत्री उडून गेली असती. ते मी हापशाच्या नावानं गिळलं. तीन महिने मी इतकी वाक्यं गिळली की मंडळाच्या चहाबिस्किटांना पोटात जागा उरायची नाही.

मास्तरांना कधीतरी खरं कळेल असं मी समजत होते. उलट झालं. शेवटच्या आठवड्यात त्यांना एकदम काहीतरी वेगळंच कळलं. माझी चित्रं त्यांनी एकामागून एक मांडली, लांब जाऊन बघितली, जवळ येऊन बघितली आणि डोळे मिटून म्हणाले, "मी चुकलो. ही चूक नाहीच. ही दुष्काळाची वेदना आहे. बाकीच्या बायकांनी फूल रंगवलं, या ताईंनी माती रंगवली." मग म्हणाले, "ही मातकट छटा तुम्ही कशी साधलीत?"

मी म्हटलं, "आमच्या वढ्यातनं आणली."

"व्वा!" ते म्हणाले. "मातीशी नातं!"

मला पहिलं बक्षीस जाहीर झालं. स्टीलचा डबा. बाईसाहेबांचा गुलाब दुसरा आला. तो त्यांनी छत्रीखाली बसून, तरवडासमोर काढला होता.

समारंभाच्या दिवशी हिरवळीवर मांडव घातला होता. चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली होती. साहेबांसमोर आम्ही प्रत्यक्ष चित्र काढून दाखवायचं होतं, म्हणून आम्हाला रांगेत बसवलं आणि समोर तरवडाच्या फांद्या बादलीत खोचून ठेवल्या. फांद्या तोडून आणल्या तरी ते अजून निसर्गचित्रणच होतं. बाकीच्या बायकांना त्या दिवशी मंडळाच्या नळाचं पाणी मिळालं. मला सवयच झालेली, मी माझे दोन ग्लास घरून भरून आणले होते.

साहेब यायला वेळ होता. मी सही करायला टेबलाशी गेले तर रजिस्टरखाली एक टाइप केलेला अर्ज होता. मी सावकाश वाचते, बोट ठेवून वाचते, पण वाचते. अर्जात लिहिलं होतं की महिलांना पाण्याचा फार त्रास आहे आणि महिला मंडळाच्या इमारतीसमोर हातपंप मंजूर व्हावा. खाली 'सोबत मागणी करणाऱ्या महिलांच्या सह्या' असं लिहून आमच्या हजेरीची पानं टाचली होती. त्यातली एक सही माझी होती. तीन महिने रोज केलेली, चांगली वळणदार. मंडळाची इमारत संघाच्या आवारात, हिरवळीला लागून. तिथं आधीच बोअर होतं आणि नळ होता. आता गवताला हापसाही मिळणार होता, तोही माझ्या सहीनं.

बाईसाहेब तिथंच उभ्या होत्या. मी विचारलं, "बाईसाहेब, हापसा हितं?"

"अगं, आधी इथं होऊ दे. मग तुमच्याकडंही बघू. इथून तुम्हाला काय लांब आहे?"

ओढा, माळ, सडक ओलांडून डोक्यावर घागर घेऊन येण्याइतकं होतं. जागेवर जाऊन बसले. कागदाला हात लावला नाही. ब्रश उचलून दोन ग्लासांच्या मधोमध आडवा ठेवला आणि साहेबांची वाट बघितली.

साहेब आले. बरोबर जिल्ह्याहून फोटोवाला होता. मास्तरांनी सगळ्यांना निसर्ग समजावून सांगितला. मग त्यांना माझ्यापाशी आणलं. "या आमच्या प्रथम क्रमांकाच्या ताई. यांच्या रंगात वेदना आहे."

साहेब चांगल्या मनानं वाकले. मोठी माणसं वाकली की काहीतरी विचारतात, तसं त्यांनी विचारलं, "वा, दोन ग्लास कशाला?"

मास्तर म्हणाले, "एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. तेच तर तंत्र आहे."

"यातलं स्वच्छ कुठलं?" साहेबांनी मला विचारलं.

"तुमीच वळखा की, सायेब," मी म्हटलं.

साहेबांनी एक ग्लास बघितला, दुसरा बघितला. हसून उजवीकडच्याला बोट लावलं. मग जरा थांबून डावीकडच्याला लावलं.

"हात लावून बघा ब्रशला," मी म्हटलं.

त्यांनी ब्रशचं टोक चिमटीत धरलं. तो कोरडा ठणठणीत होता.

"सकाळधरनं भिजवलाच न्हाय. ह्यो बी स्वच्छच हाय आन् त्यो बी. आमच्या वस्तीत प्यायाचं पानी असंच असतंय."

बाईसाहेब घाईनं म्हणाल्या, "थट्टा करते ती, साहेब. भारी खोडकर आहे."

"थट्टा असंल तर एक घोट घ्या की, बाईसाहेब. तुमचा मान मोठा, पयला तुमी घ्या."

त्यांनी घेतला नाही. मग मी उचलला आणि प्यायले. पराक्रम वगैरे काही नव्हता. ऊन होतं, तहान लागली होती आणि ते पाणी मी रोजच पीत होते. खाली जो गाळ बसला होता तो मी तेवढा ग्लासात ठेवला, तसा आम्ही रोजच ठेवतो, आणि ग्लास साहेबांसमोर ठेवला. म्हटलं, "हीच ती मातकट छटा. आन् त्या टेबलावर अर्ज हाय, त्यात माजी सही हाय. ती ह्या गवतासाठी केलेली न्हाय, तेवढं बघा."

साहेबांना माझी दया आली असं कुणी समजू नका. फोटोवाल्यानं तोवर ग्लासाचा फोटो काढला होता. साहेबांनी आधी ग्लासाकडं बघितलं, मग फोटोवाल्याकडं, आणि फोटोवाल्याकडं बघून झाल्यावर त्यांना आमच्या वस्तीबद्दल फार कळकळ वाटू लागली. अर्ज मागवला, तिथल्या तिथं पेनानं 'इमारतीसमोर' खोडलं आणि वस्तीचं नाव माझ्याकडून विचारून घेतलं. मी ते सावकाश, अक्षर अक्षर सांगितलं. बाईसाहेब पुढं होऊन म्हणाल्या, "मीच तर तुमच्या कानावर घालणार होते, साहेब." साहेब म्हणाले, "हो ना."

स्टीलचा डबा मला मिळाला नाही. तो कुठं गेला हे मी विचारलं नाही.

पाऊस पडायच्या आधी बोअरची गाडी वस्तीत आली. दिवसभर धुरळा उडाला, मग ओला चिखल उडाला, मग पाणी. जाऊ चिखलात उभी राहून म्हणाली, "तोंडासाठी धाडली व्हती ती बराबर धाडली." एवढंच. आमच्यात याहून जास्त कौतुक करत नाहीत. हापशावर पुढं पाटी लागली, 'महिला मंडळाच्या प्रयत्नांतून'. ती आम्ही काढली नाही. तिच्यावर फडकी वाळत घालायला बरं पडतं.

दसऱ्याच्या आसपास मास्तर वस्तीत आले. माझा ब्रश आणि रंगाची डबी मंडळात राहिली होती, ती द्यायला. माणूस वाईट नव्हता. माझं ते चित्र काच लावून संघाच्या ऑफिसात टांगलंय, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. मी बसायला पोतं टाकलं, पाणी देऊ का विचारलं. हापशाचंच होतं, निवळशंख. त्यांना एकदम एसटीची आठवण झाली.

"एवढं बघून जा," मी म्हटलं आणि एक कागद त्यांच्या हातात दिला. मधल्या काळात मी एक तरवड काढला होता. रंग आणि ब्रश मागून आणला होता शाळेतल्या पोरीकडून, आणि पाणी हापशाचं. पाच पाकळ्या, एकीवर शिरा जास्त, एक आकसलेली. पिवळा असा की माझ्याच डोळ्यांवर आला.

मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"रंग स्वच्छ आलाय," ते म्हणाले. "पण ताई, खरं सांगू? ती वेदना राहिली नाही यात."

"ती खाली बसली, मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला, तसे ते पिशवी सावरत निघाले.